बसायचं वाळवण

रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजायला लागले की माझे हात शिवशिवतात. होळी होऊन गेलेली असते, उन्हाचा चटका अजून सोसण्यासारखा असतो आणि आमच्या बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर एका रात्रीत बांबूच्या तट्ट्यांचा मांडव उभा राहतो. लोक चरकाच्या पुढच्या बाजूला उभे राहतात, जिथे रस पडतो. मी मागच्या बाजूला जाते, जिथे चिपाडं पडतात. पिळून चपटी झालेली, पांढुरकी, हाताला अजून थोडी चिकट. त्यांचा ढीग बघून मला जो आनंद होतो तो सराफाच्या दुकानातसुद्धा कधी झालेला नाही.

यंदाही परवा तेच झालं. मी आलं-लिंबू घातलेला, बिनबर्फाचा ग्लास अजून अर्धाही संपवला नव्हता, तोच रसवंतीवाल्या मामांनी न विचारता पोतं पुढे केलं.

"यंदा उशीर केला ताई. मला वाटलं, सोडलं काय खुर्च्यांचं खूळ."

"खूळ कसलं सुटतंय मामा. भरा."

"भरून ठिवलंय. गोठ्यावाला आला हुता सकाळी. म्हनलं, ह्ये ताईचं हाय, म्हशीला दुसरं देतो."

म्हशीच्या आधी माझा नंबर लागला. पोतं स्कूटरवर पायांपाशी उभं केलं, त्याचा तो गोडसर, किंचित आंबूस वास नाकात शिरला आणि मी सरळ त्या उन्हाळ्यात जाऊन पोचले. दरवर्षी पोचते. वास हा रिक्षावाल्यासारखा नसतो, तो कुठेही यायला तयार असतो.

त्या उन्हाळ्यात मी डिझाइनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्या डोक्यात एक स्टूल होतं. बाजारातून काहीही नवीन न आणता, घरातनं आणि रस्त्यावरनं जे फेकलं जातं त्यातूनच करायचं. उसाच्या चिपाडांचं अंग आणि दुधाच्या पिशव्यांची बैठक. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की मी ते चित्र उशाशी घेऊन झोपत असे. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, तोलूनमापून बोलणारे. त्यांनी चित्र पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एक उन्हाळा तुझा," ते म्हणाले. "हे उभं राहिलं आणि तू पास झालीस, तर पुढे काय करायचं ते तू ठरव. नाही तर जळगावला मामाच्या शोरूममध्ये जायचं. किचन ट्रॉल्या विकायच्या. त्याही उघडतात, मिटतात. कला त्यातही आहे."

मला ट्रॉल्यांबद्दल राग नाही. पण त्या वाक्यानंतर दरवेळी स्वयंपाकघरातला ड्रॉवर ओढला की मी तो घाईनं परत मिटायचे. माझं सगळं पुढचं आयुष्य एका स्टुलावर बसलेलं होतं आणि स्टूल अजून पोत्यात होतं.

दुधाच्या पिशव्यांचा प्रश्न मात्र कधी आलाच नाही, कारण आमच्या इमारतीत उषाकाकू होत्या. उषाकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या, शाळेतनं निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. सदाशिव पेठेतून बिबवेवाडीत येऊन त्यांना जमाना झाला, तरी लक्ष्मी रस्त्यावर जायचं असलं की अजून "जरा गावात जाऊन येते" म्हणतात. जिन्याखालच्या फळ्यावर त्यांच्या अक्षरात एक सूचना कायमची होती: "दुधाची पिशवी कापताना टोक पूर्ण तोडू नये. पिशवी धुऊन, वाळवून मगच द्यावी. आंबट वास येणारी पिशवी आपल्याच दाराच्या कडीला परत लावली जाईल." आणि ती लावलीही जायची. त्यामुळे आमच्या इमारतीतल्या प्रत्येक ओट्यामागच्या टाइल्सवर सकाळच्या वेळी ओल्या पिशव्या चिकटवलेल्या असत. पहिलं पाणी चहाच्या आधणात, दुसरं कुंडीत, मग पिशवी भिंतीवर. वाळली की आपोआप गळून पडायची. रद्दीवाल्याकडे जाणारी ती थप्पी काकूंनी माझ्याकडे वळवली. का हवी आहे, हे विचारलं नाही. कुणी धुतलेल्या पिशव्या मागतंय, एवढंच त्यांना चांगल्या वळणाचं लक्षण वाटलं असावं.

पिशव्या उघडायच्या, दोन बटर पेपरांच्या मध्ये एकावर एक ठेवायच्या आणि वरून इस्त्री फिरवायची. पातळ पिशव्या एकमेकींना धरत आणि एक मऊ, चिवट पट्टी तयार होई. पट्टीला पट्टी जोडत खाटेच्या नवारीसारखी लांबच लांब नवार व्हायची. निळ्या, हिरव्या, मधेच दुधाळ. त्यावर छापलेली अक्षरं तुटून भलतीकडे जुळत. 'ताजे' हा शब्द सगळीकडे उरला होता. आई म्हणायची, पोरीनं इस्त्रीला हात लावला म्हणून घरात कोण आनंद झाला होता, आणि हिनं ती पिशव्यांवर फिरवली.

चिपाडांनी मात्र मला रडवलं. ती भिजवायची, मोठ्या पातेल्यात उकळायची, जुन्या मिक्सरमधून काढायची. त्या मिक्सरनं त्या उन्हाळ्यात जे सोसलं त्याबद्दल मी अजून त्याच्याकडे आदरानं बघते. मग तो लगदा बांधून ठेवेल असं काही तरी हवं. दुकानातला डिंक वापरायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. काहीच चिकटेना. तेवढ्यात आईच्या कुरडया आल्या. भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास घरभर, वाटलेल्या गव्हाचं पांढरं पाणी, तळाशी बसलेला सत्त्वाचा गोळा, आणि मग चुलाणावर रटरटणारा चीक. मला वाटीत गरम चीक, वर तेल-मीठ, असा मिळाला. मी खाल्ला आणि वाटी तशीच ठेवून इस्त्री करायला बसले. थोड्या वेळानं वाटी घासायला घेतली तर चीक निघेना. नखानं खरवडला तरी निघेना. मी वाटी हातात धरून आईकडे धावत गेले.

"आई, चीक सुटत नाहीये."

"भिजत घाल मग."

"नाही, म्हणजे सुटत नाहीये हे किती भारी आहे."

आईनं माझ्याकडे पाहिलं, पण एक पातेलीभर चीक मला काढून ठेवला. त्या दिवशी दुपारी गच्चीवर मी लगद्यात चीक कालवला आणि आई जळगावकडचे बिबडे थापते तसा ओल्या धोतरावर थापला. बिबडे म्हणजे ज्वारीचे जाडसर, मातकट पापड. कापडावर थापायचे, अर्धवट वाळले की कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे अलगद सुटतात. माझे चिपाडांचे जाड तावही सुटले; मी त्यांना ताटं म्हणायचे. तपकिरी, खडबडीत, उन्हात धरली तर रेषारेषांतून उजेड दिसायचा. मला नाचावंसं वाटलं आणि गच्चीवर कोणी नव्हतं म्हणून मी थोडी नाचलेही.

पण दुसऱ्या दिवशी बघते तर सगळी द्रोणासारखी वळलेली. वरची बाजू उन्हानं आकसली, खालची ओली राहिली. वळलेले तुकडे एकावर एक चिकटवले तर मध्ये हवा राहते. तरी मी हट्टानं पहिलं स्टूल केलं, बैठक विणली आणि बाबांना म्हटलं, बसा.

"बसायला माझी हरकत नाही," बाबा म्हणाले. "उठवायला कोणी तरी थांबा."

ते बसले. स्टूल आधी कण्हलं, मग एका बाजूला झुकलं आणि बाबांना घेऊन खाली गेलं. बाबा फरशीवर बसून राहिले. तळहातानं फरशी थोपटली.

"ही मात्र मजबूत आहे," ते म्हणाले.

मी हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले. परीक्षा तोंडावर आली होती आणि एकही ताट सपाट वाळत नव्हतं. त्या रात्री आई फोनवर मामाशी बोलत होती आणि मधूनच आवाज बारीक करत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नव्यानं ताटं थापली, गच्चीवर उन्हात ठेवली आणि कॉलेजात गेले. परत येईपर्यंत ती वळणार, हे मला ठाऊक होतं.

इथे आमच्या गच्चीचा एक नियम सांगायला हवा. वाळवणाच्या दिवसांत जो कोणी वर जाईल त्यानं सगळ्यांचं वाळवण उलटायचं. विचारायचं नाही, विचारणं म्हणजे शिष्टपणा. कोणाचे पापड, कोणाचे सांडगे, काही बघायचं नाही. कपडे वाळत घालायला गेलात तरी वाकायचं, उलटायचं आणि मग खाली यायचं. हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नाही, पण तो न पाळणाऱ्या माणसाशी जिन्यात कोणी बोलत नसे.

मी संध्याकाळी वर गेले तर माझी ताटं दिसेनात. त्या जागी एक जुनं धोतर पसरलेलं, आणि त्यावर काकूंचे पितळी डबे, त्यांचा वरवंटा, दोन लोणच्याच्या बरण्या आणि गणिताच्या जाड पुस्तकांचा एक गठ्ठा. धोतर उचललं. खाली माझी ताटं होती. उलटलेली, दडपलेली आणि अशी सपाट की पाण्याचा थेंब ठेवला असता तर तोही बुचकळ्यात पडला असता. एका ताटाचा कोपरा मात्र मोडून नेलेला होता.

मी काकूंचं दार वाजवलं.

"काकू, वरचं ते तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार? कडेनं वळत होते. वळायला लागले की उलटून दडपायचे असतात, एवढं तुझ्या आईनं शिकवलं नाही? आणि तिला सांग, यंदा बिबड्यांचं पीठ चुकलंय."

"बिबड्यांचं?"

"एक कोपरा तळून बघितला. फुलतच नाही. तेल तेवढं फुकट गेलं. मला वाटलं, तुमच्या जळगावकडे असे जाडच असतील, म्हणून बोलले नाही."

मी दारातच खाली बसले. हसू की रडू तेच कळेना. मग मी त्यांना हाताला धरून आमच्या घरात आणलं, चित्र दाखवलं, नवार दाखवली, मोडलेलं स्टूल दाखवलं. काकूंनी सगळं शांतपणे पाहिलं.

"म्हणजे हे खायचं नाही."

"नाही, बसायचं."

"बसायचं वाळवण," काकू म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं. "मग तळलेला कोपरा परत घे. तुझाच आहे."

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो, आनंदाचा. आमची गच्ची कारखाना झाली. सांडग्यांच्या शेजारी माझी ताटं, साबुदाण्याच्या पापड्यांच्या शेजारी नवारीची गुंडाळी. वर जाणारा प्रत्येक माणूस वाकायचा आणि उलटायचा, खालच्या मजल्यावरचे चिडके वकीलसुद्धा. सपाट ताटावर सपाट ताट, मध्ये चिकाचा हात, वरून बरण्या. चार भिंतींचं अंग उभं राहिलं आणि त्यावर मी नवार विणली. नवारीला खिळा नाही, चिकटवणं नाही. खाटेची नवार कशी, सैल झाली की ओढायची, मळली की सोडायची, तशी. बाबांना पुन्हा म्हटलं, बसा. ते बसले. वर्तमानपत्र मागवलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

"फरशीपेक्षा मऊ आहे," ते म्हणाले. आमच्या घरात ही टाळ्यांच्या कडकडाटाइतकी मोठी गोष्ट असते.

परीक्षेच्या दिवशी स्टूल स्कूटरवरून न्यायचं होतं. धरायला काकू आल्या. त्यांचे डबे त्या ताटांवर अडकून पडले होते, तेव्हा त्यांचा हक्कच आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मागच्या सीटवर काकू, त्यांच्या मांडीवर स्टूल, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. स्वारगेटच्या गर्दीत शेजारच्या गाडीवरचा मुलगा म्हणाला, आजी, सीट घरनं आणली का. काकूंनी मान न वळवता सांगितलं, "हो. तू हेल्मेट घरी विसरलास तसं मी नाही विसरले." कॉलेजाच्या फाटकाशी स्टूल माझ्या हातात देऊन त्या सदाशिव पेठेकडे निघाल्या. त्यांना कुरडयांचा सोऱ्या दुरुस्त करून घ्यायचा होता. माझ्या डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही.

"नापास झालीस तर बिबडे म्हणून विकून टाकू," म्हणाल्या आणि बोळात शिरल्या.

कॉलेजात बाहेरगावहून आलेले परीक्षक होते. अंगानं भरदार, आवाजानं मऊ. त्यांनी स्टुलाभोवती फेरी मारली, बोटानं चिपाडाचा काठ चाचपला, नवार खेचून पाहिली. मी चिपाडांबद्दल, चिकाबद्दल, पिशव्यांबद्दल जे पाठ करून आले होते ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी तो एकच प्रश्न विचारला.

"टिकेल किती?"

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त घाबरत होते. चिकानं बांधलेलं अंग. पाण्यात ठेवलं तर विरघळणार. सागवानी खुर्ची आजोबांकडून नातवाकडे जाते, कारखान्यातली प्लॅस्टिकची खुर्ची मोडली तरी मरत नाही, नाल्यात जाऊन पडून राहते. माझ्या स्टुलाचं काय सांगू? तयार केलेलं उत्तर होतं, वर रोगण लावलं तर अमुक, थर वाढवले तर तमुक. ते ओठांपर्यंत आलं. आणि मला धोतराखालची ताटं दिसली, वरची बरणी दिसली, तळलेला कोपरा दिसला.

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत," मी म्हणाले.

"आणि मग?"

"मग नवार सोडायची, धुवायची, तारेवर वाळत घालायची. अंग भिजवून कुंडीत घालायचं. रसवंत्या सुरू झाल्या की नवीन अंग घालायचं आणि तीच नवार त्यावर चढवायची. वाळवण आहे सर हे. आमच्याकडे कुरडई कोणी जन्मभरासाठी करत नाही."

बोलता बोलताच मला माझं स्टूल पहिल्यांदा नीट कळलं. दूध एका दिवसाचं आणि त्याची पिशवी आपल्या पणतवंडांनाही पुरून उरणारी, ही मुळातली चूक. जे मरत नाही ते एका सकाळसाठी वापरतो, आणि जे आपसूक मातीत जातं ते बिचारं टिकाऊ नाही म्हणून नाकारतो. माझ्या स्टुलात ज्याचं जेवढं आयुष्य त्याला तेवढंच काम मिळालं होतं. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. कोणी तरी माझ्या ताटांना बिबडे समजलं, म्हणून मलाही ती काय आहेत ते समजलं.

परीक्षकांनी पँट किंचित वर ओढली आणि स्टुलावर बसले, बरोबर 'ताजे'वर. नवार करकरली आणि गप्प झाली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, मान वर केली आणि पुढच्या मुलाला हाक मारली. त्याची परीक्षा त्यांनी माझ्या स्टुलावर बसूनच घेतली. त्याच्या पुढच्या मुलीचीही. शेवटी शिपायानं येऊन सांगितलं, सर, खुर्ची आणलीय. ते म्हणाले, असू दे.

जळगावला मी त्यानंतर फक्त लग्नाकार्याला गेले. आता बिबवेवाडीतच तळमजल्यावर माझं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक विचारतं, गॅरंटी काय, मी सांगते, एक उन्हाळा. काही जण हसून निघून जातात. जे राहतात ते मार्च-एप्रिलमध्ये आपापली स्टुलं घेऊन येतात, पूर्वी भांडी कल्हईला यायची तशी. तारेवर नवारी वाळत असतात, रंगीबेरंगी, आणि रस्त्यावरून जाणारे लोक हे कुठल्या सणाचं आहे असं विचारतात. मी म्हणते, उन्हाळ्याचं.

आणि सगळ्यांत पहिलं अंग घालायचं ते काकूंच्या स्टुलाचं. परीक्षेतलं ते स्टूल मी त्यांनाच दिलं होतं. नवार अजून तीच आहे, 'ताजे' जरा पुसट झालंय. जुनी अंगं त्यांच्या कढीपत्त्याच्या कुंडीत गेली आणि तो कढीपत्ता आता अख्खी इमारत नेते.

यंदा पोतं घेऊन आले तेव्हा काकू गॅलरीतच होत्या. गुडघे थकलेत, पण लिफ्टनं वर येतात आणि शेवटचा जिना कठडा धरून चढतात. मी गच्चीवर ताटं थापत होते. काकू त्यांच्या जुन्या स्टुलावर बसून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या,

"यंदा माझं नको घालूस."

"का?"

"हेच पुरेल. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणी बघितलंय? उगाच तुझा चीक वाया."

मी हात थांबवले नाहीत. थांबवले असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं आणि काकूंना ते चाललं नसतं.

"काकू, पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची गॅरंटी आहे."

"स्टुलाची की माझी?"

"दोघांची. एकत्रच मिळते. सुटी देत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले तर ताटं उलटलेली होती, धोतराखाली दडपलेली, वर बरण्या. त्या बरण्या उचलून त्या गुडघ्यांनी तो शेवटचा जिना काकू कशा चढल्या, ते मी विचारलं नाही. आमच्या गच्चीवर विचारायचं नसतं. काकू कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी एका ताटाचा कोपरा कानाजवळ धरून मोडला, कट्‌ असा आवाज झाला, आणि तो तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"वाळलंय," त्या म्हणाल्या. "घाल माझं."